मागितलं तरी देऊ नका

नाही नाही, बूट काढ, पण कोट राहू दे अंगात, घरात गारठा आहे — मीच हीटिंग कमी ठेवलंय, गरम झालं की वरच्या खोलीत औषधांचा वास कोंडतो आणि तुझ्या मालिनीकाकूला मळमळतं. आणि तो डबा इथेच ठेव, बुटांजवळ. अगं, किचनमध्ये नको म्हटलं ना! वास वर जातो. मऊ भात आहे, मेतकूट घातलेला, बरोबर? दार उघडलं तेव्हाच कळलं मला. बस. अशी बस, जिन्याकडे पाठ करून, तिकडून बर्फाचा उजेड डोळ्यांवर येतो. तू आलीस, बरं वाटलं सुमेधा, खरंच. एवढ्या बर्फातून कोण येतंय? महाराष्ट्र मंडळातले लोक फोन करतात — ‘एकनाथराव, काही लागलं तर हाक मारा हं’ — आणि ठेवून देतात. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. तू निदान खरा भात घेऊन आलीस. पण तो तिला चालायचा नाही. चालायचा नाही म्हणजे पचणार नाही असं नव्हे — तिनं अन्न सोडलंय.

अशी बघू नकोस माझ्याकडे. सोडलंय म्हणजे सोडलंय. डॉक्टरांनी हात टेकले ते तुला ठाऊक आहे, त्या दिवशी गाडी तूच चालवत होतीस. गाठ काढून झाली, केमो झाली, केस गेले, परत गाठ. ‘घरी न्या, आराम द्या.’ किती दिवस, विचारलं, तर खांदे उडवले त्यानं — ‘मे बी स्प्रिंग.’ स्प्रिंग! मिशिगनचा स्प्रिंग म्हणजे मे उजाडतो. तोपर्यंत काय, सुया नि नळ्या नि ओकाऱ्या? हे चौऱ्याऐंशी साल आमच्या घराला कुठून लागलं कोण जाणे. तर आता सगळं बंद. शांत आहे ती. उपास चाललाय. आणि तिच्या उपासाचं मी तुला सांगायला नको, इंडियाहून आलीस ती पहिली सेमिस्टर आमच्याच घरी काढलीस तू, ड्रायव्हिंग तिच्याकडेच शिकलीस. संकष्टी म्हणू नको, हरतालिका म्हणू नको — तीही निर्जळी! मी म्हणायचो, मालू, मिळाला ना आता नवरा, आणखी कशाला? तर म्हणायची, हाच परत मिळू नये म्हणून करते. एकदा ग्रोसरीच्या लायनीत चक्कर येऊन पडली, त्या कॅशियर पोरीनं बिचारीनं ज्यूस पुढे केला, तर हिनं दात मिटून घेतले. दात मिटून! अशी बाई आहे ती. तिला कोणी उपाशी ठेवावं लागत नाही, समजलं?

पण हा उपास आपल्याकडचा नाही. तो माझ्या कॅथारांचा. माझ्या कादंबरीवर मंडळात विनोद होतात, मला सगळं कळतं — ‘काय एकनाथराव, आले का कॅथार छापून?’ हसू देत. दिवसभर इंजिनांच्या व्हॉल्व्हची ड्रॉइंगं काढणाऱ्या माणसानं फ्रान्सच्या जुन्या काळावर मराठीत लिहू नये असा काही कायदा आहे का? पेशव्यांवर लिहायला पुण्यात रांग लागलीय, माझ्यावाचून काही अडलेलं नाही. मला हे लोक इथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत भेटले, आणि मी चाट पडलो — अरे, हे तर आपल्यातलेच! ख्रिश्चन, पण मांस नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. मुंगी मारायची नाही. पुनर्जन्म मानायचे! म्हणायचे, हे जग देवानं केलेलंच नाही, सैतानानं केलंय, देह म्हणजे त्यानं शिवलेला अंगरखा, आणि जीव त्यात अडकलाय. एक फाटला की दुसरा. त्यांच्यातले जे व्रतस्थ, त्यांना गावचे लोक ‘सज्जन’ म्हणायचे — काळा झगा, दोघादोघांनी हिंडायचं, कोणाकडून दमडी घ्यायची नाही. जर्मनीत असल्या लोकांना ओळखायची एक रीत होती — समोर कोंबडी ठेवायची, म्हणायचं, पिरगळ मान. नाही पिरगळली की माणूस फासावर. हे ऐकून मालू काय म्हणाली सांगू? म्हणाली, मग आपण दोघं पहिल्याच दिवशी लटकलो असतो. हसली होती तेव्हा खूप.

हो, सांगतो, वर नेतो, ती झोपली असेल आत्ता. ऐकून तर घे, नाहीतर तुला हे समजायचंच नाही. क्रुसेड म्हटलं की आपल्याला काय वाटतं? जेरुसलेम, तुर्क, उंट. ही मोहीम पोपनं काढली ती आपल्याच घरावर, आपल्याच लोकांवर. चाळीस दिवस लढा, पापं माफ, आणि वर जमीन. बेझिए नावाचं गाव होतं, तिथे देवळात लपलेल्या बायापोरांना कापून काढलं — त्यांत कॅथार किती नि नुसते शेजारी किती, कोणी विचारलं नाही. असं करत करत शेवटी डोंगरावरचा एक किल्ला उरला, मोंसेग्यूर. तोही पडला. तर पंधरा दिवसांची मुदत मिळाली — धर्म सोडा नाहीतर जळा. आणि त्या मुदतीत काय झालं माहितीय? किल्ल्यातले काही शिपाई, बायका, ज्यांना सुखरूप घरी जाता येत होतं, त्यांनी उलट त्या मुदतीतच दीक्षा घेतली! आणि दोनशेच्या वर माणसं आपल्या पायांनी डोंगर उतरून आगीत गेली. हे प्रकरण मीच मालूला वाचून दाखवलं, हॉस्पिटलमधून आणलं त्याच आठवड्यात, तिला तेव्हा बसवत नव्हतं. म्हणाली, ‘भीती नाही का वाटली हो त्यांना?’ मी म्हटलं, भीती देहाला वाटते, आणि देह आपला नाही असं एकदा ठरवलं की झालं. तर ती छताकडे बघत म्हणाली, ‘ठरवलं की झालं.’ दोनदा म्हणाली. तिला पटलं होतं ते.

त्याच्या पुढचं प्रकरण रेमोंदचं. रेमोंद माझी नायिका, ती माझ्या मनातली, पण तशा बायका होत्या, पोपच्या माणसांनी केलेल्या धर्मचौकशीच्या दप्तरांत त्यांच्या साक्षी आहेत. किल्ला पडून खूप वर्षं झालीत, सज्जन रानोमाळ लपून राहताहेत, गावात घरटी एक खबऱ्या. रेमोंद अंथरुणाला खिळलीय. चोरून एक सज्जन येतो, तिच्या डोक्यावर पोथी ठेवतो आणि तिला सांत्वन देतो. हो, शब्दच तो आहे त्यांचा, दीक्षेला ते सांत्वन म्हणायचे. आणि मरणाच्या दारात ते एकदा घेतलं की पुढे काहीजण अन्न घ्यायचे नाहीत. नुसतं पाणी. का? तर पुन्हा खाल्लं, पुन्हा डाग लागला, की सांत्वन वाया — परत जन्म, परत तोच अंगरखा. रेमोंदची मुलगी उशाशी राखण करत बसते. आणि मग गंमत बघ — गंमत नव्हे, काय बोलतोय मी — मग आई भाकरी मागायला लागते. मागतेच! आधी खुणेनं, मग रडून, मग शिव्या देऊन. शेजारीण दाराशी येते, वाटीत रस्सा घेऊन, मुलगी तिला उंबऱ्यावरून परत पाठवते. स्वतः रडते, पण आईला घास देत नाही. कोणी म्हणेल, काय कसाई पोरगी. मी म्हणतो, याहून मोठी माया नाही. भाकरी काय, कोणीही देतं. बरोबर ना?

तर मालूनंही तेच केलं. एका सकाळी, अगदी प्रसन्न सकाळ होती ती, मी देवघरातली पळी आणि ताम्हन वर नेलं, तिच्या आईची पोथी तिच्या डोक्यावर धरली. मी कुठला सज्जन! पण मिशिगनमध्ये आणायचा कुठून दुसरा? संकल्प केला, पाणी सोडलं. आणि पाणी एकदा सोडलं की सोडलं, ताम्हनातलं परत हातात येतं का कधी? आणि तिचे शब्द काय होते ऐक. ‘मी मागितलं तरी देऊ नका.’ तिचे शब्द, सुमेधा. तिच्या तोंडचे. आता तूच सांग, असं वचन घेतल्यावर मी कोणाचं ऐकायचं? तेव्हाच्या मालूचं, का आत्ता जी —

आत्ता जी काय? काही नाही.

मागते का? हो, मागते. खोटं कशाला बोलू तुझ्याशी. रोज मागितलं, सारखं मागितलं. भातच मागितला, अगदी मेतकूट-भात. म्हणून तर म्हटलं, तो डबा दाराशी राहू दे. उभी राहू नकोस, बस. बस म्हणतो ना! ती मागत नाही गं, देह मागतो. तुला वाटतं मला ऐकवतं ते? मी खाली येऊन नळ सोडून बसतो. मला स्वतःला घास गिळवत नाही, बिस्किटं खातो चहात बुडवून, तीही गराजमध्ये जाऊन, कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून. ज्याचं जळतं त्याला कळतं. परवा पहाटे किचनमध्ये खुडबुड ऐकली म्हणून धावत आलो, तर फ्रिजचं दार सताड उघडं, ती खाली फरशीवर, मांडीत दह्याचा डबा, आणि बोटांनी खातेय. बोटांनी! एवढा जिना उतरली कशी, कोण जाणे, बसून बसून उतरली असणार, नाईटगाऊन मागून पार मळलेला. मी ओरडलो नाही. डबा काढून घेतला, तिला उचललं — काही वजनच नाही राहिलेलं — बेसिनपाशी नेलं आणि कोमट पाण्यानं तिची बोटं धुतली एकेक. तोंड धुतलं. ती माझ्याकडे बघत होती नुसती. म्हटलं, काही बिघडलं नाही मालू, एवढंसं दही, परत पाणी सोडू. आणि त्याच दिवशी हार्डवेअर स्टोअरमधून कुलूप-किल्लीची मूठ आणली आणि खोलीच्या दाराला बसवली. बाहेरून. अगं, पडली असती ना जिन्यावरून! मांडीचं हाड मोडलं असतं म्हणजे? परत हॉस्पिटल, परत नळ्या. तिच्याचसाठी केलं.

विक्रमला कशाला सांगायचं? तो तिकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोमध्ये, त्याचं नवीन काम. रविवारी फोन करतो, ‘हाऊज मॉम?’ मी सांगतो, आई झोपलीय. ‘ओके डॅड, टेल हर आय कॉल्ड.’ सांगतो मी तिला. वरचा फोन काढलाय, रिंग वाजली की दचकायची. त्याला इथे बोलावलं तर तो काय करणार? नऊ-एक-एक फिरवून ॲम्ब्युलन्स बोलावणार. तो इथला, त्याला व्रत म्हणजे काय, संकल्प म्हणजे काय, काय कळतंय! तुला कळेल म्हणून तुला दार उघडलं. नाहीतर बेल वाजवून परत जातात लोक. मी पडद्याआडून बघतो नि गप्प राहतो.

त्या संकल्पाच्या सकाळी औषध दिलं होतं का तिला? दिलं होतं. दुखण्याचं औषध द्यावंच लागतं, त्यात काय? झोपेत नव्हती काही. डोळे उघडे होते. मी विचारलं, मालू, करायचा ना संकल्प? तिनं मान हलवली. हो म्हणूनच हलवली. पाणी — पाणी मी सोडलं, तिचा हात हातात धरून, तिचा हात थरथरतो म्हणून. सत्यनारायणाला नवऱ्याच्या हाताला बायको हात लावते ना, मग उलटं केलं तर काय चुकलं? शब्द? सांगितले ना तुला, शब्द तिचेच. चांगली खाटेवर टेकून बसली होती, चष्मा लावलेला, स्पष्ट आवाजात म्हणाली, मी मागितलं तरी देऊ नका — आणि ते पान मांडीवर ठेवून माझ्याकडे बघितलं. म्हणजे — हो, पान होतं हातात. वाचत होती ती. नाही, संकल्पाच्या दिवशी नाही, आदल्या संध्याकाळी. रेमोंदचंच प्रकरण. माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, तरी माझी सगळी प्रकरणं तीच पहिल्यांदा मोठ्यानं वाचायची, तशी आमची पद्धतच आहे, कानाला कसं लागतं ते कळतं. रेमोंद मुलीला सांगते ते वाक्य. ते वाक्य आहे त्या पानावर. मग? एवढी वाक्यं आहेत त्या प्रकरणात, नेमकी याच वाक्याशी ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं ते तू पाहिलंस का? मी पाहिलं! आख्खा संसार झालाय आमचा, मला माझ्या बायकोची नजर कळत नाही? तू कोण मला शिकवणारी?

रागावू नकोस. मी तुझ्यावर नाही ओरडलो. तुला वाटतंय मी वेडा आहे. मला भीती वाटत होती, सुमेधा. स्प्रिंगपर्यंत मला तिचं ते विव्हळणं बघवलं नसतं. नसतं बघवलं मला! आणि त्या पानांमध्ये काय सुंदर जातात ती माणसं — अंगरखा उतरवल्यासारखी. मला वाटलं, माझी मालू तशी जावी. हल्ली मी तिच्या उशाशी बसूनच लिहितो. शेवटचं प्रकरण कधीचं अडलं होतं, रेमोंद कशी शांत होते ते मला दिसतच नव्हतं. आता दिसतं. ओठ कसे सुकतात, नखं कशी निळी पडतात, मध्येच कशी आपल्या लहानपणच्या विहिरीबद्दल बोलायला लागते — टिपणं नव्हेत गं ती! तसं नाही. हातात पेन असतं म्हणून लिहिलं जातं. अजून ती रागातच आहे, म्हणजे रेमोंद. शांत व्हायला हवी ती आता. इतके दिवस का लागताहेत कळत नाही.

ते ना? पाइप वाजताहेत. थंडीत वाजतात.

बरं, पाइप नाहीत. ती आहे. काठी आपटते जमिनीवर. खाली कोणी आलं की आपटते, थोडा वेळ दुर्लक्ष करायचं, मग दमते नि थांबते. हात कशाला पुढे करतेस? किल्ली? किल्ली मिळणार नाही. वचन दिलंय मी. कोणाला दिलंय म्हणजे काय, तिला दिलंय! एक मिनिट. गप्प. ऐक जरा. बोलतेय काहीतरी. ‘अहो’ म्हणत असेल — नाही. तुझं नाव घेतेय. आवाज ओळखला वाटतं तुझा. दही खाल्लं त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही ती, नुसती काठी, आणि तुला नावानं हाक मारतेय. मी इथे आहे ते ठाऊक आहे तिला, म्हणून दबक्या आवाजात. काय म्हणायचंय तुला, मला घाबरते ती? मालू मला घाबरते? बोटं धुतली मी तिची, कोमट पाण्यानं, माझ्या या हातांनी! तू जा. घरी जा तू, बूट घाल. मंडळात जाऊन सांग कोणाला सांगायचं ते, पोलिसांना सांग. दार तिकडे आहे, जिन्याकडे काय जातेस? सुमेधा, खाली ये. दार उघडणार नाही तुला, वर जाऊन काय करशील?

बघ. थांबली. म्हटलं होतं ना मी, थांबते. दमते आणि थांबते. नेहमी असंच — नेहमी आधी काठी मंद होते, मग थोडा वेळ बोटांनी वाजवते, मग थांबते. आत्ता तसं नाही झालं. काहीतरी पडलं ना आत्ता? तू ऐकलंस? काठी पडली का? मालू? अगं मालू! ओ दे ना! मी नाही रागावत, भात आणलाय सुमेधानं, भात देतो तुला, ऐकतेस का? मालू! कुठल्या खिशात — ही, ही धर. मला नाही जाववणार वर, तू जा. किल्ली उलटी फिरते, डावीकडे, मी घाईत बसवलीय. डावीकडे! उभी काय राहिलीस, पळ ना. पळ!